मास्तरांची मळी : एका बेने इस्रायल दफनभूमीच्या डागडुजीच्या नोंदी

रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, ही जागा आहे. सातबाऱ्यावर 'दफनभूमी', गावाच्या तोंडी 'मास्तरांची मळी'. इथे पुरलेले कुणी एक मास्तर गावाला इतके जवळचे, की सगळ्या जागेलाच त्यांचं नाव चिकटलं. त्यांचा दगड नेमका कुठला, हे मात्र आज कुणालाच सांगता येत नाही. वर दिसणारे दगड ८६. विश्वस्तांच्या इच्छेमुळे गावाचं नाव इथे दिलेलं नाही. कोकणात अशा जागा बऱ्याच आहेत. तिथे हात घालणाऱ्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी, चुका आणि खर्चासकट.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आधी नियम, मग कोयता. विश्वस्तांबरोबर बसून हे ठरलं: शुक्रवारी दुपारी तीननंतर आणि शनिवारी काम बंद. तेलाचा घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत ते उगीच नाही, त्यामुळे शनिवारची सवलत मागायचीच नाही. सणांच्या तारखा यहुदी पंचांगावरून आत्ताच कामाच्या वहीत लिहून घ्यायच्या. पुरुषांनी डोकं झाकायचं. कबरीवर पाय द्यायचा नाही. बाहेर पडताना हात धुवायचे, त्यासाठी फाटकाजवळ पाण्याचं पिंप. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कबरीची माती उकरायची नाही. दगड सरळ करताना जुन्या खाचेतलं जेवढं सुटं आहे तेवढंच काढायचं, आणि हाड दिसलं तर तिथेच थांबून विश्वस्तांना फोन.

पहिल्याच दिवशी चूक झाली. झाडलोट करणाऱ्यांनी काही चौथऱ्यांवरचे लहान खडे कचरा समजून गोळा केले. ते भेटीला आलेल्या नातेवाइकांनी ठेवलेले होते. कबरीला भेट दिल्याची ती खूण असते. कुठला खडा कुठल्या कबरीवरचा, ते आता कळणं शक्य नाही. सगळे फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवले. इतरांसाठी सूचना: दगडावर ठेवलेली कुठलीही वस्तू विचारल्याशिवाय हलवू नका.

जांभ्याच्या फटींत फुरसं असतं. गंबूट, जाड हातमोजे, आणि कुठल्याही फरशीखाली हात घालण्याआधी काठी.

१७ नोव्हेंबर

घाणेरीची तोड. मुळासकट उपटायची नाही, कारण मुळं कबरीच्या मातीत आहेत. जमिनीलगत कापायची आणि दर तीन आठवड्यांनी फुटवा छाटायचा. वेळ जातो, पण मातीला धक्का लागत नाही.

पिंपळाचं रोप मात्र एकाने ओढलंच. मनगटाएवढं खोड, मूळ चौथऱ्याच्या आत तीन फूट गेलेलं. मूळ निघालं आणि त्याच्याबरोबर कोपऱ्याचे पाच चिरेही आले. दीड दिवस वाया. पिंपळ, वड, उंबर यांची मुळं कालांतराने दगडांना धरून ठेवायला लागतात. कापा, पुन्हा फुटलं की पुन्हा कापा, मूळ आत सुकू द्या, आणि चौथरा उकलून बांधायची वेळ येईल तेव्हाच बाहेर काढा.

१ डिसेंबर

क्रमांक आणि नकाशा. खडूने घातलेले आकडे दवाने दुसऱ्या सकाळी पुसले. मार्करने लिहायची कल्पना वेळीच थांबवली. संगमरवरात शाई मुरते, ती पुन्हा निघत नाही. मग रंगाने आकडे लिहिलेले नदीचे गोटे पायथ्याशी ठेवले, तर गुरांनी ते आठवड्यात इकडेतिकडे केले. शेवटी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने आकडा ठोकून ती पट्टी वाटेच्या कडेच्या खुंटीला बांधली. हे टिकलं.

नकाशासाठी काही भारी लागत नाही. दोन पक्क्या खुंट्या, त्यांच्यातलं अंतर मोजलेलं, आणि प्रत्येक दगडाच्या डाव्या कोपऱ्यापासून दोन्ही खुंट्यांपर्यंतची दोन अंतरं. कागदावर कंपासने दोन चाप काढले की जागा मिळते. दोन माणसांनी ८६ दगड एका दिवसात केले. रांगा चार धरल्या: अ, ब, क, ड.

१५ डिसेंबर

वाचन आधी, सफाई नंतर. हा क्रम उलटा केला तर पुसट अक्षराबरोबर ते वाचायची शेवटची संधीही धुऊन जाते. शेवाळ कधीकधी अक्षराच्या खाचेतच वाढतं आणि पुसट अक्षर उठावदार दाखवतं. ते काढलं की उरतो सपाट दगड.

भर दुपारी काढलेले २१४ फोटो टाकून द्यावे लागले. डोक्यावरच्या उन्हात कोरीव अक्षराला सावलीच पडत नाही. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर ऊन तिरपं येतं तेव्हा वाचावं. ज्या दगडांचं तोंड नेहमी सावलीत आहे त्यांच्यासाठी दोन बाय तीन फुटांचा साधा आरसा: एकाने दहा-बारा फुटांवर उभं राहून ऊन दगडाच्या पृष्ठाला घासून जाईल असं बाजूने टाकायचं. आरसा इंच-इंच फिरवला की अक्षरं एकेक करून वर येतात. आडव्या रेषा बाजूच्या उजेडात हरवतात, म्हणून शिरोरेषेसाठी उजेड एकदा वरूनही टाकावा. संध्याकाळी हेच टॉर्चने होतं, उलट जास्त चांगलं होतं.

खडूची पूड, पीठ, तेल, दाढीचा फेस यांतलं काहीही दगडावर लावू नये. कागद ठेवून कोळशाने ठसा घ्यायचा तर आधी बोटाने हलकं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तो दगड सोडून द्या.

२२ डिसेंबर

सगळ्यात जास्त वेळ याच कामात गेला, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच झाल्या.

बहुतेक दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी. सुरुवातीला पे-नून ही दोन अक्षरं, म्हणजे 'इथे पुरले आहे'. शेवटी ताव-नून-त्सादी-बेत-हे ही पाच; 'हा जीव जीवनाच्या बंधात गुंफलेला राहो' अशा अर्थाच्या वाक्याची ती आद्याक्षरं. ही पाच अक्षरं जवळजवळ प्रत्येक दगडावर असतात, हे ठाऊक नसल्यामुळे एका गटाने त्यांनाच वर्ष समजून बेरीज केली: ४०० + ५० + ९० + २ + ५ = ५४७. त्यावरून इसवी सन १७८७ काढला आणि अर्धा दिवस सगळे त्या 'सर्वांत जुन्या' दगडाभोवती. हिब्रू अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. ५० नंतर ९० आलं तिथेच शंका यायला हवी होती.

वर्ष वाचायची रीत: हजाराचा आकडा सहसा लिहिलेला नसतो, म्हणून बेरजेत ५००० मिळवायचे. वर्षानंतर लामेद-पे-कुफ ही अक्षरं असली तर हजार गाळले आहेत हे पक्कं. शेवटच्या दोन अक्षरांमध्ये वर दोन तिरप्या रेघा दिसल्या तर ते आकडे आहेत किंवा संक्षेप. मग ३७६० वजा करायचे. पण यहुदी वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिश्री महिन्यात सुरू होतं. तिथपासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तारखांना ३७६१ वजा करावे लागतात. हे विसरल्यामुळे पहिल्या तक्त्यातली अकरा वर्षं एकाने पुढे गेली.

उदाहरण ब-९. वर्ष ताव, रेश, आयिन, तेत: ४०० + २०० + ७० + ९ = ६७९, म्हणजे ५६७९. महिना हेश्वान. सरसकट ३७६० वजा करून १९१९ लिहिलं होतं. खरं उत्तर १९१८. तारीख आधी हे, म्हणजे ५ वाचली. त्या हिशेबाने ११ ऑक्टोबर १९१८, शुक्रवार. पण खाली मराठीत '…४ आक्टोबर' आणि 'सोम' एवढं शिल्लक होतं. आरसा लावून पुन्हा पाहिलं तर अक्षर हे नसून हेत होतं, म्हणजे ८. हेश्वानची ८ म्हणजे १४ ऑक्टोबर, सोमवार. जुळलं. हे आणि हेत यांच्यातला फरक डाव्या पायाच्या वरच्या टोकाशी असलेल्या बारीक फटीचा. ती शेवाळाने भरली की ५ चे ८ होतात आणि कडेचा कपचा उडाला की ८ चे ५. दालेत (४) आणि रेश (२००) यांचंही तेच, आणि तिथे घोळ १९६ वर्षांचा होतो. १५ आणि १६ हे १० + ५, १० + ६ असे लिहीत नाहीत. ९ + ६ आणि ९ + ७ असे लिहितात, कारण नाहीतर देवाच्या नावातली अक्षरं जुळून येतात.

एका दिवसाचा फरक आला तर लगेच चूक समजू नका. यहुदी दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे रात्री आठला गेलेल्या माणसाची हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची असते.

काही दगडांवर शकही आहे: शके १८४० अधिक ७८, म्हणजे १९१८. हिब्रू, इसवी, शक आणि वार, यांतले कुठलेही दोन जुळेपर्यंत तारीख तक्त्यात पेन्सिलनेच. ब रांगेत त्याच हेश्वानातले तीन दगड शेजारी-शेजारी आहेत. दगडावर कारण कोरलेलं नाही, पण १९१८ चा ऑक्टोबर म्हणजे मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचा महिना.

५ जानेवारी २०२५

आडनावांचा तक्ता. इथली आडनावं म्हणजे गावांची यादीच: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, थळकर, घोसाळकर, झिराडकर, किहीमकर. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि पुढे पिढ्या ज्या-ज्या गावी स्थिरावल्या त्या गावाचं नाव लावू लागल्या, अशी परंपरा सांगतात. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर. हिब्रू वळणाने तेच सॅम्युएल इझिकेल. एकाच माणसाची अशी दोन नावं दगडावरही वर-खाली येतात: हिब्रूत बायबलमधलं नाव, मराठीत 'जी' लावलेलं घरचं नाव. तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवा, एकात कोंबू नका. आम्ही कोंबले होते आणि त्यामुळे दोन ठिकाणी एका माणसाची दोन माणसं झाली.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथून विचारणा येते ती आडनावानेच. आणि दगडावर सगळ्यात आधी जातं तेही आडनावच, कारण ते ओळीच्या शेवटी, उजव्या कडेला येतं. कड आधी झिजते, गुरांचं अंग तिथेच घासतं, शेवाळही तिथूनच आत शिरतं. नाव शाबूत, बापाचं नाव शाबूत, आणि पुढे नुसता काना किंवा अर्धा 'क'. म्हणून इथून पुढे प्रत्येक दगडाच्या उजव्या कडेचा वेगळा जवळचा फोटो, आणि कडेजवळ ब्रश सगळ्यात शेवटी.

खाली पडलेले कपचे पिशवीत भरून, पिशवीवर दगडाचा क्रमांक आणि किती अंतरावर सापडला ते लिहून ठेवले. आज २३ पिशव्या. त्यांतल्या चारांत 'कर' आहे.

१९ जानेवारी

सफाई सुरू. क रांगेतल्या पाच संगमरवरी फरश्यांवर पूर्वी कुणीतरी ॲसिड ओतलेलं आहे. पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत, बोट फिरवलं की दाणे हातात येतात. या फरश्यांना पाणीसुद्धा लावायचं नाही असं ठरलं.

बाकीच्यांसाठी: साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, बांबूची चपटी काडी. तारेचा ब्रश, प्रेशरचा पंप, ब्लीचिंग पावडर, धुण्याचा सोडा, सगळं बाद. दगड आधी पूर्ण भिजवायचा, मग खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी कोरड्या भागात मुरून ओघळ उठतात.

दगडफूल ओलं असतानाही निघत नसेल तर ओरबाडू नये, दगडाचा पापुद्रा घेऊन येतं. त्यासाठी बीकेसी, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. कोळंबीच्या तळ्यांसाठी ५० टक्क्यांचं मिळतं. ४०० मिलि बीकेसी आणि ९.६ लिटर पाणी, म्हणजे २ टक्क्यांचं १० लिटर द्रावण. पंपाने हलकं फवारायचं आणि निघून यायचं. घासायचं नाही, धुवायचं नाही. दगडफूल मरतं, तपकिरी पडतं आणि पुढच्या महिन्यांत आपोआप सुटतं. एका गटाने आधी भांड्यांच्या साबणाने दगड धुऊन त्यावर फवारलं. साबणाने बीकेसी निकामी होतं, त्यामुळे ते आठ दगड पुन्हा करावे लागले. हे द्रावण माशांना घातक आहे, म्हणून ओढ्याकडची ड रांग फक्त पाण्याने.

२ फेब्रुवारी

अ-१०. गावातले जाणते 'हाच मास्तरांचा' म्हणून याच दगडाकडे बोट दाखवतात. संगमरवर, अक्षरं कोरलेली नाहीत, शिशाची बसवलेली. त्यांतली बहुतेक गेली आहेत. एके काळी ती गळाला वजन म्हणून गेली असं गावातच हसत सांगतात. मागे राहिली आहेत ती भोकं.

शिशाच्या अक्षराला मागे खुंट्या लागतात, त्यांच्यासाठी दगडात आधी भोकं पाडलेली असतात. भोकांच्या नक्षीवरून अक्षर ओळखता येतं. रीत: दगडावर पारदर्शक प्लास्टिक ताणून प्रत्येक भोकावर ठिपका काढायचा. त्याच दगडावर जी अक्षरं शिल्लक आहेत त्यांच्या खुंट्या कुठे पडतात ते पाहून नमुने काढायचे, आणि ते नमुने ठिपक्यांवर सरकवत न्यायचे. कागदावर काढलेला आपल्या हातचा 'म' चालत नाही. त्या कारागिराचाच 'म' लागतो.

दोन रविवार गेले. निघालं ते: 'हेड मा…र', आणि आडनावाच्या जागी '…ळकर'. ळकर म्हणजे थळकर किंवा घोसाळकर, एवढी दोनच इथल्या तक्त्यात. बाकीच्या अक्षरांची सरासरी रुंदी २२ मिमी. नावाचा शेवट आणि 'ळ' यांच्यामध्ये, शब्दांमधली मोकळी जागा सोडून, ५१ मिमी. 'थ' एकटा एवढी जागा खात नाही. 'घोसा' बसतं, आणि पहिल्या अक्षराच्या वर मात्रेसाठी एक एकटं भोकही आहे. तक्त्यात: घोसाळकर, पेन्सिलने.

१६ फेब्रुवारी

पूर्वी केव्हातरी सिमेंटने 'दुरुस्त' केलेले सात चौथरे. सिमेंट जांभ्यापेक्षा कठीण, आणि ते पाणी बाहेर पडू देत नाही. पावसात जांभा पाणी पितो, उन्हाळ्यात ते बाहेर पडू पाहतं, सिमेंटशी अडतं आणि दगडाचा मऊ भाग आतून भुसभुशीत करतं. सिमेंट उचकटलं की मागे दोन-दोन इंच पिठूळ जांभा.

ग्राइंडर लावला नाही. छोटी छिन्नी, सिमेंटच्या कडेपासून आत, घाव दगडाकडे नव्हे तर सिमेंटकडे. दिवसाला जेमतेम एक चौथरा. जिथे काळ्या दगडाला सिमेंट घट्ट धरून होतं तिथे सोडून दिलं. काढताना जास्त नुकसान झालं असतं.

२ मार्च

चुना. कळीचा चुना पिंपातल्या पाण्यात थोडाथोडा सोडून विरवला होता. पाण्यात चुना सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून अंगावर उडतो. गॉगल हवाच. तीन आठवडे पाण्याखाली ठेवून लोण्यासारखा झाला. प्रमाण: चुना १, वाळू २, सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, १. तीन चौथऱ्यांच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरल्या, वर ओलं गोणपाट.

१६ मार्च

तिन्ही चौथऱ्यांवर पांढरा लोणा फुटला. वाळू खाडीची आली होती. पुरवणाऱ्याने धुतलेली म्हणून दिली आणि आम्ही तपासली नाही. तपासणं सोपं आहे: मूठभर वाळू पेलाभर विहिरीच्या पाण्यात ढवळायची, वरचं पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात वाळवायचं, आणि शेजारी नुसत्या विहिरीच्या पाण्याची दुसरी ताटली. पहिलीत पांढरं जास्त उरलं तर वाळू परत. मीठ दगडात शिरलं की दर पावसाळ्याला विरघळतं, दर उन्हाळ्याला स्फटिक होऊन पृष्ठ फोडतं. सगळ्या दर्जा पुन्हा उकरल्या. वाळूचे १,८०० रुपये आणि गवंड्याचे तीन दिवस गेले.

त्यात शिमगा. पुरीम हा यहुदी सण आणि धुळवड यंदा एकाच दिवशी, १४ मार्चला आली. गवंडी आठवडाभर गावी. कोकणात मार्चचं वेळापत्रक आखताना हे आधीच धरावं.

२३ मार्च

कललेले दगड. काळ्या दगडाचा घनफूट सुमारे ८० किलो. चार फूट उंच, वीस इंच रुंद, पाच इंच जाड शिळा म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. 'चौघं मिळून उचलू' हे वाक्य इथे बंद. तिवई, चेनपुली, कापडी पट्टे, आणि पट्ट्याखाली गोणपाटाची घडी.

उकरायचं नसल्यामुळे रीत अशी: दगड पट्ट्यात धरून ठेवायचा, जुन्या खाचेतली सुटी माती हाताने काढायची, जास्तीत जास्त एक फूट. ओळंबा लावून दगड सरळ करायचा, चहूबाजूंनी पाऊण इंची खडी थराथराने ठोकायची, वरच्या तीन इंचांत चुना-सुरखी. काँक्रीट नको. दगड पुन्हा कलला तर खडीतून काढून सरळ करता येतो. काँक्रीटमध्ये कलला तर जमिनीलगत मोडतो. एका दिवसात चार झाले, पाचवा नाही. त्याच्या बुडाला आडवी चीर होती, ती पट्टा ताणल्यावरच दिसली. दगड खाली टेकवला आणि बांबूचा टेकू दिला.

१३ एप्रिल

पेसाख हा यहुदी सण, १२ च्या संध्याकाळपासून २० पर्यंत. काम बंद. तक्त्याची फेरतपासणी: वाचन एकाचं, ताळा दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर दाखवायचं नाही. ८६ पैकी १७ ठिकाणी दोघांची उत्तरं वेगळी आली.

२७ एप्रिल

तुटलेल्या संगमरवराची जोडणी, सहा फरश्या. तुटण्याचं कारण सहांपैकी चारांत एकच: आत बसवलेले लोखंडी खिळे गंजून फुगले आणि त्यांनी दगड फोडला. खाऱ्या हवेत ३०४ चं स्टीलही डाग धरतं, ३१६ घ्या. ८ मिमी सळई, १०० मिमीचे तुकडे, दोन्ही बाजूंना ५०-५० मिमीची १० मिमी भोकं. ड्रिल ठोक्याशिवाय चालवायचं, म्हणजे हॅमर बंद. इपॉक्सी फक्त भोकात, तुटलेल्या तोंडाला नाही. सांध्याला बाहेरून चुना आणि संगमरवराची पूड.

क-४ चा 'कर' असलेला कपचा २३ पिशव्यांतून परत आपल्या जागी बसला. तो दगडापासून चौदा फुटांवर सापडला होता. अंतर लिहून ठेवलं नसतं तर शेजारच्या दगडाचा समजून तिथे चिकटला असता.

११ मे

नदीच्या वाळूने सात चौथऱ्यांच्या दर्जा भरून पूर्ण. पुढचे चार आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी आणि गोणपाट. हिशेब मृगाचा: ७ जूनपर्यंत पाऊस नाही.

२७ मे

मृगाचा हिशेब चुकला. वीस तारखेपासूनच धो-धो, आणि काल, २६ मे रोजी, मोसमी पाऊस मुंबईत दाखल. ताडपत्री आणलेली होती, पण कोठीत. सात चौथऱ्यांपैकी चार धुऊन निघाले. दर्जांतून दुधासारखं पाणी वाहत होतं. जे तीन टिकले त्यांत सुरखी नवीन भट्टीची आणि बारीक चाळलेली होती. चारांत जाडी, भरड. बारीक सुरखीमुळे चुना ओल्यातही घट्ट होतो. भरडीचं काम निव्वळ वाळूचं. चाळणी दोन्ही वेळा एकच वापरायला हवी होती. चुन्याचं काम मार्चअखेर संपलं पाहिजे. मे महिन्यात दर्जा भरणं हा जुगार आहे.

आतापर्यंतचा खर्च: गंबूट, हातमोजे, गॉगल ३,८५०; ब्रश, पंप, बादल्या २,९००; बीकेसी दोन लिटर १,१००; चुना १,६५०; खाडीची रेती १,८००; नदीची वाळू आणि सुरखी, वाहतुकीसह ४,२००; स्टीलची सळई ९००; जांभ्याचे चाळीस चिरे, वाहतुकीसह ३,५००; गवंडी नऊ दिवस १०,८००; मजूर चौदा दिवस ९,८००; तिवई-चेनपुलीचं भाडं २,४००; ताडपत्री २,६००. एकूण ४५,५०० रुपये. वाचनाच्या कामाला आरशाशिवाय काही लागलं नाही, आणि तो आरसा एका जुन्या कपाटाचा.

२ नोव्हेंबर २०२५

पावसानंतरची पाहणी. बीकेसी मारलेल्या दगडांवरचं दगडफूल बहुतेक गळून गेलंय. उरलेलं बोटाने सुटतं. नऊ दगडांवर नव्याने अक्षरं वाचता आली. खडीत बसवलेले चारही दगड ओळंब्यात आहेत. धुपलेले चार चौथरे या हंगामात पुन्हा, डिसेंबरातच.

ब-१७ वर, दगडफुलाखालून, मराठीची शेवटची ओळ निघाली: 'पंतोजी'. शाळामास्तरांसाठीचा जुना शब्द. आडनाव पूर्ण आहे, गावाचंच. तारीख अ-१० पेक्षा एकतीस वर्षं जुनी, हिब्रू आणि शक दोन्ही जुळतात. म्हणजे मळीत मास्तर दोन आहेत: एक संगमरवराखाली, बाहेरगावचं आडनाव असलेले हेडमास्तर, दुसरे साध्या काळ्या दगडाखाली, या गावचेच पंतोजी. जाणत्यांचं बोट अ-१० कडे. जागेचं नाव मात्र त्यांच्याही आधीचं असू शकतं. ग्रामपंचायतीला फाटकावर मास्तरांच्या नावाची पाटी हवी आहे. विश्वस्तांशी बोलून पाटीवर एवढंच ठरलं: 'मास्तरांची मळी, बेने इस्रायल दफनभूमी'. तक्त्यात दोन्ही नोंदी, दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह.

राहिलेलं काम: क रांगेतले सहा दगड पालथे पडलेले आहेत, अक्षरं मातीकडे. उलटवायला तिवई पुरेल, पण मातीकडची बाजू वर्षानुवर्षं ओली आहे. एकदम उन्हात आणली तर पापुद्रे सुटतील. उलटवायचे ते जानेवारीत, सकाळी, आणि लगेच ओल्या गोणपाटाखाली, दोन आठवडे रोज थोडं-थोडं उघडत. तोपर्यंत त्यांच्यावर कुणी बसू नये म्हणून भोवती दोरी बांधली आहे.